ऑस्ट्रेलियात कामं करत करत वर्षभर फिरलो, खर्चाचं कसं जमवलं ते सांगतो

घरून पैसे न मागवता वर्षभर राहिलास कसा हे बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करायचा विचारही करू नका, ते बेकायदेशीर आहे. आपल्याला २०२४ पासून वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास ४६२) मिळतो, वर्षाला १००० जागा, वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजीचा पुरावा आणि खात्यात साधारण ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर (पुढचे सगळे डॉलरही तेच). आधी २५ डॉलर भरून नाव नोंदवायचं, त्याला पासपोर्ट आणि पॅनकार्ड लागतं, मग लॉटरी. नंबर लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, नावं कॉम्प्युटर काढतो.

ते ५००० डॉलर नुसते दाखवायला उसने आणू नका, खरंच लागतात. मेलबर्नमध्ये मला काम मिळेपर्यंत पाच आठवडे गेले, भाडं दर आठवड्याला आणि वर डिपॉझिट. मग एका कॅफेत किचन हँड म्हणून लागलो, म्हणजे भांडी घासणं, बटाटे सोलणं, फरशी पुसणं. या व्हिसावर एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं, त्यामुळे पुढचं काम आधीच शोधायला लागा.

जानेवारीत मिल्डुराला द्राक्षतोडणीला गेलो. मी द्राक्षांच्या तासगावचा, मिल्डुरात ज्या जातीला सुलताना म्हणतात ती आपली थॉमसनच हे बघून इतकं बरं वाटलं! पण काम सोपं नाही, ऊन चाळिशीच्या वर जातं म्हणून पहाटेच सुरू करायचं, घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लागलं की वरची पांढरी पावडर जाते आणि माल उतरतो, मग छोट्या कात्रीने एकेक फुटका मणी काढून पेटीत ठेवायचं. घरी हे काम आई करते, तिचा हात किती चालतो ते मला तिथे कळलं.

कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या कामाला जुलै २०२५ पासून किमान दर ताशी ३१.१९ डॉलर होता, त्यातून ४५,००० डॉलरपर्यंतच्या कमाईवर १५ टक्के टॅक्स. आपण लगेच रुपयात गुणाकार करतो आणि तिथेच फसतो, कारण पाऊस पडला की तोडणी बंद आणि पगारही बंद, भाडं मात्र चालूच. म्हणून ताशी दरापेक्षा महिन्यात किती दिवस काम मिळेल ते आधी विचारा. पेटीवर पैसे ठरले तरी शेतात ताशी किमान दराची हमी कायद्याने आहे.

मिल्डुराच्या आधी एका कॉन्ट्रॅक्टरकडे ११ दिवस काम केलं, रोख पैसे, तेही कमी, आणि पेस्लिप नाही. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला ग्रामीण भागातलं ठराविक प्रकारचं तीन महिन्यांचं काम दाखवावं लागतं, माझे ते ११ दिवस त्यात धरताच आले नाहीत, अजून राग येतो. पेस्लिप नाही म्हटलं की पहिल्याच दिवशी निघा. फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे फुकट तक्रार करता येते, व्हिसावर असलात तरी.

तोडणी संपल्यावर सात आठवडे टास्मानिया आणि ग्रेट ओशन रोड फिरलो, सगळं त्याच पैशातून, हॉस्टेलच्या किचनमध्ये डाळभात करून. मालक पगारावर १२ टक्के सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखी निवृत्तीची रक्कम भरतो, देश कायमचा सोडल्यावर ती मागता येते पण ६५ टक्के टॅक्स कापतात, तेव्हा परतीचं तिकीट त्या भरवशावर ठेवू नका, त्याचे पैसे आधीच वेगळे काढा.