जुनं वेब्ली घेताय? आधी सिलेंडरचं बूड बघा

इथे अमेरिकेत गन शोला गेलं की एखाद्या टेबलावर वेब्ली मार्क सिक्स रिव्हॉल्व्हर दिसतंच. १९१५ चं ब्रिटिश डिझाइन, सहा इंची नळी, मधोमध मोडून उघडणारं, बघताक्षणी हात शिवशिवतो. विकणारा म्हणणार, एकदम ओरिजिनल आहे आणि .४५ एसीपी, म्हणजे इथे सर्रास मिळणारी पिस्तुलाची गोळी, पण चालते. यातलं एक तरी खोटं आहे हो! हे रिव्हॉल्व्हर .४५५ या ब्रिटिश गोळीचं, त्यात हाफ मून क्लिप (तीन गोळ्या एकत्र धरणारी अर्धगोल पट्टी) लावून एसीपी बसवायची तर सिलेंडरची मागची बाजू घासावी लागते, आणि पूर्वी स्वस्तात गोळी मिळावी म्हणून इथे ढिगाने घासली गेली.

तर आधी उघडून सहाही घरं रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी आणि बोटाने बघा. मग बंद करून बाजूने उजेडाकडे धरा, सिलेंडर आणि मागच्या भिंतीत मोठी फट दिसली की समजा घासलंय. खात्री करायची तर क्लिपमध्ये डमी (बिनदारूची) एसीपी लावून बघा, न घासलेलं नीट बंदच होणार नाही.

घासलेलं असलं तरी वापरता येतं, पण दुकानातली एसीपी नको म्हणजे नकोच. तिचं प्रेशर २१,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जातं, .४५५ चं साधारण १३,००० च्या आसपास, आणि हे लोखंड शंभर वर्षांचं. माझं घासलेलं निघालं, विकणाऱ्याने ब्र काढला नव्हता. आता त्यात कमी दाबाची, घरी भरलेली शिशाची गोळीच घालतो.

ओरिजिनलपणाचं म्हणाल तर फ्रेम आणि सिलेंडरवरचा नंबर जुळवा. शिक्क्यांच्या कडा गुळगुळीत, अक्षरं पुसट आणि वर झगझगीत निळा रंग म्हणजे पॉलिश मारलंय. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर घाबरू नका, ती लष्कराने विकून टाकल्याची खूण.

शेवटी घोडा चढवून (रिकामंच हं!) ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने पुढे ढकला, पडला तर ते चालवू नका, भिंतीवर टांगा. मग एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून हलवा, बिजागरीत खुळखुळ नको. नळीत टॉर्च मारा, आत काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते. बाकी गनस्मिथकडे.