कॅन्सरच्या औषध-चाचणीत नाव घालायचंय? आधी पुढची केमो थांबवून विचारा

आजार पसरलाय, पहिली केमो लागू पडली नाही आणि डॉक्टर म्हणाले, ‘ट्रायल बघा.’ अशा वेळी ‘तोवर काहीतरी चालू असू दे’ म्हणून मिरजेत नवी केमो लावून घेतली, की घोळ होतो. बऱ्याच चाचण्यांत आधीच्या केमोनंतर तीन-चार आठवडे रिकामे जावे लागतात, आणि आधी किती प्रकारची औषधं झाली यालाही मर्यादा असते. आजार तितका वेळ देतोय का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

चाचणी शोधायची ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. आजाराचं नाव टाका आणि भारतातली भरती ‘ओपन’ आहे का ते बघा. खाली दवाखान्यांची यादी आणि तिथल्या डॉक्टरांचे फोन असतात. नोंद जुनी असू शकते, म्हणून फोनवर जागा आहे याची खात्री करा, मगच मुंबईला जायचं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा.

कागदांत लोक अडकतात ते बायोप्सीपाशी. नुसता रिपोर्ट चालत नाही. लॅबकडून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका. सीटी स्कॅनची फिल्म नको, सीडी न्या. गाठ साधारण 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तरच ती ‘मोजण्याजोगी’ धरतात. रक्तात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1500, प्लेटलेट 1 लाख, हिमोग्लोबिन 9 अशा किमान अटी सर्रास दिसतात. पेशंट जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणावर असेल, तर बहुतेक चाचण्या घेत नाहीत.

चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड निघतं, आणि इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांच्या) चाचण्यांत रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या वर बहुधा चालत नाही. सांगलीकरांनी हळदीचंही सांगावं. आमटीतल्या हळदीला कुणाची ना नाही, पण कॅप्सूल आणि काढ्यांनी लिव्हरचे आकडे चढू शकतात. मग दोष नव्या औषधाचा की हळदीचा, ते कळत नाही.

संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. फेज 1 म्हणजे मुख्यतः डोस शोधणं. फेज 3 मध्ये नवं औषध मिळेल की नेहमीचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. नेहमी औषध नवंच असतं असंही नाही. टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे आधीपासूनचं इम्युनोथेरपीचं औषध फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेलं. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार मोफत आणि भरपाई, हे 2019 च्या नियमांत आहे. संमतिपत्रातला तो परिच्छेद शोधाच. बाहेर पडायची मुभा कधीही असते.

गावी परतल्यावर ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले, तर जत-विट्याच्या डॉक्टरांना चाचणीचं कार्ड दाखवा आणि त्यांच्यासमोरच चाचणीच्या डॉक्टरांना फोन लावा. इम्युनोथेरपीतले जुलाब आतड्याच्या सुजेचे असू शकतात. नुसती जुलाब बंद करायची गोळी दिली तर सूज आत वाढत राहते.