लॅटिन-ग्रीक मुळं: मूल तयार आहे का?

इंग्रजी शब्द ज्या लॅटिन-ग्रीक शब्दांपासून बनले, ती मुळं मुलाला कधी शिकवायची? वयावर जाऊ नका. माझी मोठी सातवीत असूनही कंटाळायची, धाकटा मात्र चौथीत असताना जेवताजेवता म्हणाला, "आई, सप्टेंबर म्हणजे सप्त ना? मग तो नववा कसा?" पानातली आमटी गार झाली, पण मी सांगत बसले. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात, ऑक्टो आठ, नोवेम नऊ, डेकेम दहा. आणि जुन्या रोमचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. त्याने बोटांवर मोजून खात्री करून घेतली. असा प्रश्न आपणहून आला की समजायचं, वेळ झाली.

येत नसेल तर आधी मराठीत चाचपून बघा. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द समोर ठेवा. उपसर्ग बदलला की अर्थ पालटतो, हे मुलाला जाणवतंय का? नसेल तर थोडे महिने थांबा. इंग्रजी अजून अक्षरं जुळवत वाचत असेल, तरीही थांबा.

सुरुवात ओळखीच्या शब्दांनी करा. टेलि हे ग्रीक, म्हणजे दूर: टेलिफोन, टेलिस्कोप. (आपली दुर्बीण फारसीतून आली, तिच्यातही 'दूर' आहेच!) आठवड्याला एकच मूळ पुरे, पाठांतर तर नकोच. मूल चुकीची फोडही करणार. आमच्याकडे विचारणा झाली, "टेलर म्हणजे लांबून मापं घेणारा?" मनसोक्त हसा, मग शब्दकोश उघडा: तो शब्द लॅटिनमधल्या 'कापणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय.