लाईट बिल कमी करायला निघालात? या चुका टाळा

जून उजाडला की माझ्या व्हॉट्सअॅपवर बिलांचे फोटो यायला लागतात. ऐरोली, कळवा, कोपरखैरणे, घोडबंदर, जिथे मी कधीकाळी एक स्विच जरी बसवला असेल तिथून फोटो, त्यावर लाल गोल आणि खाली ठरलेलं वाक्य, "दादा, मीटर फास्ट पळतोय का बघा ना." लाल गोल कायम रुपयांना. 22 वर्षं वायरमनचं काम करतोय, आजवर एकाही माणसाने युनिटच्या आकड्याला गोल करून पाठवलेला नाही.

रुपयांत सगळी खिचडी असते हो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वरून 16 टक्के वीज शुल्क, मागचं काही राहिलं असेल तर तेही. यातलं तुमच्या हातात काय, तर फक्त युनिट. गेल्या मे महिन्याचे युनिट आणि या मे महिन्याचे युनिट शेजारी शेजारी लिहा, बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. युनिट तेवढेच आणि पैसे वाढलेत म्हणजे दर वाढलाय, त्याला मी काही करू शकत नाही आणि तुमचा मीटरही नाही. युनिट वाढलेत तर मग घरात शोधायचं.

याच्याच जोडीला एक अफवा फिरते, की 300 च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दराने लागतं. नाही लागत. महावितरणचे घरगुती स्लॅब 100 पर्यंत, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्याच्या पुढे असे आहेत आणि वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण दुसऱ्या स्लॅबचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात महागातले वाचतात. 299 वर मीटर थांबवायला शेवटचे दोन दिवस घामाघूम होऊन बसणारे लोक मी बघितलेत, कशाला जिवाला त्रास.

न मोजता खरेदीला धावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक रील बघितलं की माणूस थेट दुकानात. ऐरोलीत एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, घरात ते आणि काकी दोघंच. डिसेंबरचं बिल 240 युनिटचं. एसी बंद, पंखे जेमतेम, तरी 240. काकांनी मला न विचारता चार बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे नवे पंखे घेतले, सगळे बल्ब एलईडी केले. पुढचं बिल 232. अहो, जुना पंखा 75 वॅट घेतो आणि बीएलडीसी 30 च्या आसपास, हे खरंय, पण थंडीत जो पंखा चालतच नाही तो वाचवणार काय?

मग मला बोलावलं. रविवारी सकाळी 11 ला गेलो, घरातला मेन एमसीबी, म्हणजे घराची सगळी वीज तोडणारा स्विच, पाडला आणि खाली मीटर रूममध्ये जाऊन उभा राहिलो. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, तो बंद झाला म्हणजे आपल्या घराबाहेर कुणी आपली वीज खात नाही. दिवा बंद होता. मी छाती काढून सांगितलं, काका लाईन क्लिअर आहे, हा गिझरचा प्रताप. पाणी तापलं की गिझर बंद करणारा थर्मोस्टॅट बदलला, पैसे घेतले, निघालो. पुढचं बिल 231. काकांनी फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. ते जास्त लागलं.

तेव्हा मी त्यांना म्हटलं रोज सकाळी 7 आणि संध्याकाळी 7 ला मीटरचं रीडिंग लिहा. बँकेतला माणूस, वहीत रेघा मारून, तारीख, वेळ, आकडा, फरक, सगळं लिहिलं. 11 दिवसांची वही बघितली आणि माझं डोकं सटकलं. दिवसाचे 3 युनिट आणि रात्रीचे पावणेपाच. रात्री 10 ला झोपणारी दोन माणसं, फ्रीज सोडला तर चालू काहीच नाही, मग रात्री जास्त कसे?

त्याच रात्री 8 ला गेलो. मेन पाडला, काकी मेणबत्ती घेऊन वर बसल्या, आम्ही दोघं खाली. लाल दिवा लुकलुकत होता. साडेपाच सेकंदांनी एकदा. त्या मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलं होतं, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. साडेपाच सेकंदांनी एकदा म्हणजे तासाला साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे 200 वॅट. वायर धरत धरत गेलो तर मीटरच्या पुढे, काकांच्या एमसीबीच्या आधी, काळ्या टेपखाली एक जॉइंट. त्यावर जिन्यातल्या चार जुन्या ट्यूबलाईट, तांब्याचे चोकवाल्या, चोकसकट एकीला 50 वॅट. दोन पावसाळ्यांपूर्वी बिल्डिंगची कॉमन लाईन गेली होती तेव्हा कुणीतरी "तात्पुरतं" जोडलेलं, ते तसंच राहिलं. अंधार पडला की लागायच्या, उजाडलं की बंद, म्हणून सकाळी 11 ला मला सगळं क्लिअर दिसलं. रात्रीचे 12 तास धरले तर महिन्याला 72 युनिट, काका अख्ख्या बिल्डिंगचा जिना उजळत होते.

जॉइंट काढला, पुढचं बिल 158. थर्मोस्टॅटचे पैसे परत द्यायला गेलो तर काकांनी घेतले. घ्यायलाच हवे होते.

तेव्हापासून मी मेन पाडून टेस्ट दिवसा एकदा आणि रात्री एकदा करतो, एका वेळेवर विश्वास नाही. तुम्ही पण करू शकता, फक्त लांबून बघायचं, मीटर रूममधल्या सीलला किंवा वायरला हात लावायचा नाही, ते काम लायसनवाल्याचं. आणि माझी घरची सवय सांगतो, रविवारी सकाळी 8 ला चहाच्या आधी मीटरचा फोटो काढायचा. बास. आठवड्याचा फरक कळतो, महिना संपायची वाट बघावी लागत नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, "एवढा वेळ कुणाला आहे?" चार पंखे घ्यायला अर्धा दिवस दुकानात गेला तो वेळ कुठून आला होता?

चार्जर काढणं आणि एसी 18 वर ठेवणं

मोबाइलचा चार्जर रिकामा लटकवून ठेवला तर महिन्याला एक युनिटसुद्धा जात नाही. सेट टॉप बॉक्स बघा त्यापेक्षा, रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो जागाच असतो, 10 वॅट धरला तरी महिन्याला 7 युनिट. पण लोक चार्जर काढतात, मनाला समाधान मिळतं आणि मग 18 वर एसी लावून गोधडी घेऊन झोपतात.

18 वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर 18 ला पळतो तसाच 26 ला पळतो, फक्त 18 ला तो थांबत नाही. इन्व्हर्टर एसी असेल तर तो पूर्ण ताकदीवर जास्त वेळ अडकतो. एसीला स्टार देणाऱ्या सरकारी बीईईचंच म्हणणं आहे की एक डिग्री वर नेली की एसीची साधारण 6 टक्के वीज वाचते, म्हणून तर 1 जानेवारी 2020 पासून नवीन एसी चालू केल्यावर 24 वरच उघडतो. आणि आपण पहिलं काम करतो ते 24 चं 18.

घोडबंदरला टॉवरमध्ये एक नवरा-बायको आहेत, दोघं आयटीत. दोन वर्षांचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी, तरी गार होत नाही म्हणून दोन वेळा "गॅस भरून" घेतलेला. इथे थांबा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर लीक आहे, आधी लीक शोधायचं. लीक न शोधता गॅस भरून देतो म्हणणारा माणूस पुढच्या मे महिन्याचं गिऱ्हाईक पक्कं करत असतो.

मी आऊटडोअर बघायला खिडकीतून वाकलो. नवीन टॉवरमध्ये आऊटडोअरला जाळीचा कोनाडा देतात, दिसायला छान, गरम हवा आतच कोंडते. त्या कोनाड्यात कबुतरांचा संसार. कॉइलवर पिसं, विष्ठा, काड्या, मागच्या बाजूला घरटं आणि त्यात दोन अंडी. मी साफ करतो म्हटलं तर वहिनी आडव्या आल्या, "दादा, अंडी आहेत, हात लावायचा नाही." आता काय बोलणार. तडजोड झाली, तोपर्यंत एसी 24 वर आणि सोबत पंखा. त्यांना 24 म्हणजे भट्टी वाटत होती, पण आपल्याकडे उकाडा अर्धा दमटपणाचा असतो, पंख्याची हवा अंगावर आली की 24-26 पुरतं. रात्रीचे 11 युनिट जायचे ते साडेसातवर आले. दीड महिन्याने पिल्लं उडाली, मी कॉइल धुतली, जाळीच्या समोरच्या पट्ट्या काढल्या, तेव्हा साडेपाच. गॅस एका थेंबाने कमी नव्हता.

फिल्टर मात्र स्वतः धुवा, दर 15 दिवसांनी, नळाखाली. त्यासाठी मला बोलावू नका, मला लाज वाटते पैसे घ्यायला.

बाकीच्या चुका

पॉवर सेव्हरचा डबा. प्लगमध्ये खोचा आणि बिल अर्धं करा वाला. मी तीन-चार फोडलेत, आत एक कपॅसिटर आणि एक दिवा. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला किती येते ते प्रमाण) सुधारतो असं सांगतात, पण घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटवर असतं, पॉवर फॅक्टरवर नाही. म्हणजे वाचत शून्य आणि तो दिवा खातो तेवढं वरून.

गिझर दिवसभर चालू. 15 लिटर, 2 किलोवॅटचा गिझर 20 मिनिटांत तापतो, 0.6-0.7 युनिट जातात, नंतर दिवसभर नुसतं गरम ठेवायला पुन्हा पुन्हा पेटतो. माझ्याकडे मोबाइलवर 20 मिनिटांचा अलार्म असतो, वाजला की बंद करून आंघोळीला. एप्रिल-मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, तरी लोक सवयीने बटण दाबतात.

फ्रीज भिंतीला चिकटवलेला. चार बोटं जागा सोडा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज निघाली तर रबर बदला.

पंख्याचा जुना खोकेवाला रेग्युलेटर अजून असेल तर काढा, तो वीज वाचवत नाही, गरम होऊन उडवतो.

सोलर. हल्ली रोज एक फोन. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 पर्यंत सबसिडी आहे, सिडकोच्या रो-हाऊसची गच्ची असेल तर जरूर करा. पण आधी घरातली गळती काढा, नाहीतर जिन्यातल्या ट्यूबलाईटसाठी पॅनल बसवाल. मला गच्चीचे फोटो पाठवू नका, गेल्या 12 महिन्यांचे युनिट पाठवा, त्यावरून किती किलोवॅट ते ठरवू.