पहिला उत्साह ओसरल्यावर प्रभूच्या मागे कसे चालावे

बाप्तिस्मा घेऊन काही वर्षे लोटली, की अनेक विश्वासणाऱ्यांच्या आयुष्यात असा काळ येतो, जेव्हा उपासनेतली गीते तीच असतात, पाळकांचा संदेशही तितक्याच तळमळीने दिलेला असतो, पण आपले मन मात्र भिजत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांशी बोलताना हीच तक्रार माझ्या कानी वारंवार येते, आणि ती सांगणाऱ्याला बहुधा अशी भीती वाटत असते की आपला विश्वास संपत चालला आहे. मला तसे वाटत नाही. तोवर आपण आनंद मिळतो म्हणून प्रभूच्या मागे जात असतो. इथून पुढे त्याने सांगितले म्हणून जायचे असते, आणि शिष्यपणाची खरी शिकवणी बहुतेकांच्या बाबतीत याच टप्प्यावर सुरू होते. या टप्प्यावर नेमके काय करावे, ते मला जसे समजले आहे तसे मांडतो.

सर्वांत आधी कागद-पेन घेऊन बसावे आणि किंमत मोजावी. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूच्या मागे लोकांचा मोठा जमाव चाललेला असताना त्याने मागे वळून बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त सांगितला: बांधकाम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा हिशोब न केल्यास पाया घालून काम अर्धवट राहते आणि पाहणारे हसतात. गर्दी वाढत असताना त्याने हे सांगितले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणून येत्या वर्षात प्रभूच्या मागे चालल्यामुळे आपली कोणती मिळकत जाईल, कोणाची नाराजी पत्करावी लागेल, कोणती सवय सोडावी लागेल, हे नावानिशी लिहून काढावे. ‘सर्व काही प्रभूला दिले’ असे मोघम वाक्य लिहिणे सोपे असते. ‘जमिनीच्या वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला सोडणार’ असे लिहिताना पेन अडखळते, आणि तिथेच खरी यादी सुरू होते. घरातला आजार किंवा नोकरीतली बदली यांचे दुःख खरे असले, तरी प्रभूने शिष्यांना उचलायला सांगितलेला वधस्तंभ तो हाच, असे म्हणून मोकळे होऊ नये. जे आपण प्रभूच्या मागे न जाऊन टाळू शकलो असतो आणि तरीही उचलले, त्याची नोंद या यादीत हवी.

ठाण्याच्या मातीत या किमतीचे एक जुने उदाहरण आहे, आणि इथे राहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ते ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. चीनकडे जायला निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी, म्हणजे तोलेन्तिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डिमेट्रियस, १३२१ मध्ये ठाण्यात उतरले, इथे आधीपासून राहत असलेल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका प्राचीन पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांच्या आश्रयाला राहिले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष दिल्यामुळे मारले गेले. त्यांच्यासोबत आलेले डोमिनिकन संन्यासी जॉर्डन त्या वेळी ठाण्यात नव्हते. त्यांनी परत येऊन सोबत्यांचे अवशेष सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि मग मायदेशी निघून जाण्याऐवजी ते याच किनाऱ्यावर राहून काम करत राहिले. पुढे १३२९ मध्ये पोपनी त्यांना केरळातल्या कोल्लमचे बिशप नेमले. हुतात्म्यांबद्दल मला अपार आदर आहे, परंतु आपल्यासारख्यांना अधिक शिकवतात ते जॉर्डन. सोबती गेलेले, भाषा परकी, पत्र पोचायला महिनोन्‌महिने, आणि तरीही दुसऱ्या दिवशी उठून कालचेच काम हाती घ्यायचे: आपल्यापैकी बहुतेकांकडून प्रभू मागतो ते असेच काहीतरी असते.

किंमत मोजून झाली की रोजचे वाचन मार्गी लावावे. मार्ककृत शुभवर्तमान हे सोळाच अध्यायांचे आहे, म्हणून तिथून सुरुवात करणे बरे. सकाळच्या गर्दीत ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये वाचन होईल, या भरवशावर राहू नये. त्या डब्यात हात वर करायला जागा मिळत नाही, आणि मोबाइलवर शास्त्र उघडले तर वरून येणारे ऑफिसचे निरोप ते वाचू देत नाहीत. घरूनच, छापील प्रतीतून, एका प्रसंगाएवढाच भाग वाचावा आणि एकच प्रश्न विचारावा: इथे प्रभू मला आज काय करायला सांगत आहे? उत्तर वहीत तारखेसह लिहावे आणि रात्री ते झाले की नाही, एवढेच पाहावे. आपल्या वचनात जे राहतात तेच खरोखर आपले शिष्य, असे येशूने योहानाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. आणि वचनात राहणे म्हणजे अध्याय संपवण्याची शर्यत नसून ऐकलेले करून पाहणे आहे, असे मी समजतो.

करून पाहण्याची पहिली जागा बहुधा कामाचे ठिकाण असते, आणि इथे थोडे थांबून बोलावेसे वाटते. रबाळे किंवा महापे एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत खरेदी विभागात काम करणाऱ्या विश्वासणाऱ्याचा विचार करू. दिवाळीच्या आधी माल पुरवणारा व्यापारी येतो, मिठाईच्या खोक्याखाली पाकीट असते, आणि ‘साहेब, सगळेच घेतात, मुलांना कपडे घ्या’ असे प्रेमाने म्हणतो. त्या क्षणी विचार करायला बसणारा माणूस बहुधा हरतो, म्हणून उत्तर आधीच ठरलेले असावे. पाकीट तिथल्या तिथे, त्याच्याच हातात, न रागावता परत द्यावे. ‘शेठ, मिठाई सगळ्यांना वाटतो, पण हे मी घेत नाही, पुढच्या वर्षीही आणू नका’ असे सरळ सांगावे. मिठाईचा खोका विभागातल्या टेबलावर उघडून ठेवावा. आणि झालेला प्रकार त्याच दिवशी वरिष्ठांना एका ओळीच्या ईमेलने कळवावा. हे शेवटचे अनेकांना अतिरेकी वाटते, पण अर्धवट नकार पुढे संशयाचे कारण होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या व्यापाऱ्याचे बिल अडवून किंवा सहकाऱ्यांना हिणवून आपल्या प्रामाणिकपणाचा तोरा मिरवू नये. पाकीट नाकारणाऱ्याने त्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर निघतील याची अधिक काळजी घ्यावी, म्हणजे त्याला कळेल की हे वैर नव्हते. एवढे करूनही बढती हुकू शकते किंवा जेवणाच्या सुट्टीत टेबलावर एकटे बसावे लागू शकते. ते यादीत आधीच लिहिलेले असेल, तर धक्का कमी बसतो.

दुसरी जागा घर. ज्यांनी कुटुंबातून एकट्याने विश्वास स्वीकारला आहे, त्यांची सर्वांत अवघड परीक्षा छळाच्या वेळी नव्हे तर सणाच्या दिवशी, आईच्या डोळ्यांसमोर होते. गणपतीत गावच्या किंवा कळव्याच्या घरी सगळे जमलेले असतात आणि आई आपल्या हाताने प्रसाद पुढे करते. प्रसादाविषयी सर्व मंडळ्यांची शिकवण सारखी नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत, त्या पाळकांसोबत बसून वाचाव्यात आणि आपल्या विवेकबुद्धीला काय पटते ते सणाआधीच ठरवावे. ठरवले की आईला आधी, एकटीला गाठून सांगावे: ‘आई, मी दोन दिवस आधीच येतो, बाजारहाट करतो, पाहुण्यांची ऊठबस करतो, फक्त आरतीला मी मागे उभा राहीन आणि प्रसाद घेणार नाही, चारचौघांत मला आग्रह करू नकोस, मलाही वाईट वाटते गं.’ पाहुण्यांसमोर ताटाला हात आडवा लावून तिचा अपमान करणे ही साक्ष नव्हे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने, देवाच्या नावाने अर्पण केल्याचे सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली आहे, म्हणून दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, मंडळीत आणि गावी पैसे मात्र बंद, असा हिशोब कोणीही करू नये. सोसायटीच्या उत्सवातही असेच: रक्तदान शिबिरात नाव द्यावे, विसर्जनाच्या दिवशी पाणीवाटपाला उभे राहावे. शेजारी आपल्या विश्वासाबद्दल विचारतील तेव्हा मोकळेपणाने सांगावे. विचारले नाही तर त्यांच्या सणाच्या दिवशी त्यांना उपदेश करू नये. लोभ दाखवून किंवा भीती घालून कोणाला प्रभूकडे आणता येत नाही, आणि तसे करणाऱ्याने प्रभूला ओळखलेले नाही.

आता मंडळीबद्दल. आपल्याकडे गीतांसाठी एका ठिकाणी, संदेशासाठी दुसऱ्या ठिकाणी आणि आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना होणाऱ्या आरोग्य सभेसाठी तिसऱ्या ठिकाणी जाण्याची सवय वाढली आहे, आणि ती विश्वासाला पोखरते, कारण अशा माणसाची अनुपस्थिती कोणाच्याच लक्षात येत नाही. एकच मंडळी निवडावी, आणि निवडताना रविवारचा मेगाब्लॉक व जुलैचा पाऊस दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावेत. जिथे त्या दिवशीही पोचता येईल, तिथेच वर्षभर जाणे होते. शिफ्टमुळे रविवार मिळत नसेल, तर आठवड्यातली घरगुती प्रार्थना सभा चुकवू नये. ‘अमुक रक्कम द्या म्हणजे आशीर्वाद मिळेल’ असे सांगणाऱ्या, किंवा आजार बरा झाला नाही तर तुमचाच विश्वास कमी पडला असे म्हणणाऱ्या पुढाऱ्यापासून मात्र लांब राहावे.

एवढे सगळे नेमाने करूनही कोरडे दिवस येतात. त्या दिवसांत प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्रसंहिता उघडावी. तिच्या १५० स्तोत्रांमध्ये ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असे विचारणारे तेरावे स्तोत्र आहे, आणि अंधारातच संपणारे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही आहे. देवाच्या वचनात ही गाऱ्हाणी जपून ठेवलेली आहेत, म्हणून ती मोठ्याने वाचायला संकोच वाटू नये. ‘माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर’ अशा आशयाची विनवणी करणाऱ्या बापाला येशूने परत पाठवले नाही, तर त्याच्या मुलाला बरे केले. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले आणि झोपू दिले. ऐरोलीत रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्या माणसाला वाटणारा आत्मिक थकवा कित्येकदा अपुऱ्या झोपेचा असतो. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे, आणि तिथे जाण्यात विश्वासाची काहीही हानी नाही.

अशा काळात मला पंडिता रमाबाईंचा फार आधार वाटतो. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी केडगावात निराधार स्त्रियांसाठी चालवलेल्या मुक्ती मिशनच्या व्यापातून वेळ काढून कित्येक वर्षे चालवले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, स्वतःची प्रकृती ढासळलेली होती, तरी ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूमध्ये निजण्यापूर्वी त्यांनी ते भाषांतर पूर्ण केले. शोकाच्या त्या महिन्यांत रोज त्यांना काय वाटत असेल हे कोण सांगणार. रोज त्यांनी काय केले, ते मात्र आपल्या हातात आहे.

आणि जे खरोखरच दूर गेले आहेत, ज्यांनी कित्येक महिने मंडळीची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी योहान मार्काची हकिकत आहे. पहिल्याच सुवार्ताफेरीत तो पौल आणि बर्णबा यांना सोडून यरुशलेमला परतला, आणि त्याला पुन्हा बरोबर न्यावे की नाही यावरून त्या दोघांत इतका कडाक्याचा वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबाने मात्र त्याला सोबत घेतले, आणि आयुष्याच्या शेवटी आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याच पौलाने मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे कळवले. म्हणून परतायचे असेल त्याने आधी एका माणसाला फोन करावा, पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडिलांना. त्यांच्यासोबत योहानाचा एकविसावा अध्याय वाचावा. जे लपवले आहे ते त्यांना सांगावे. आणि येत्या रविवारी उपासनेला जावे, मनाची तयारी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. त्याला घेणाऱ्या मंडळीनेही एवढे करावे: इतके दिवस कुठे होतास, हे कोणी विचारू नये, आणि महिन्याभरात त्याला काहीतरी काम द्यावे, सतरंज्या अंथरण्याचे असो की शब्बाथ शाळेत मुलांना बसवण्याचे. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूने, त्याच एकविसाव्या अध्यायात, तलावाच्या किनाऱ्यावर न्याहारी झाल्याबरोबर मेंढरे सांभाळण्याचे काम दिले होते.