लॉगचा विस्तार: अकरावीत नव्याने आलेल्यांसाठी

नागपुरात मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. लॉग म्हणजे लॉगरिदम: १० चा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते, तो आकडा. त्याचे तिन्ही नियम बहुतेकांना पाठ असतात: गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते, घात पुढे येतो. तरी विस्तार करा, म्हणजे एक लॉग सुट्या लॉगांत फोडा, म्हटलं की पेन थांबतं, कारण सुरुवात कुठल्या नियमाने करायची हेच ठरत नाही.

अ चा घन गुणिले ब चं वर्गमूळ, भागिले क चा वर्ग, अशी राशी घ्या. किमती टाकून ती सोडवली, तर सगळ्यात शेवटची क्रिया कोणती? भागाकार. मग लॉग आधी तिथेच फोडायचा. त्यानंतर गुणाकार, आणि घात शेवटी. वर्गमूळ म्हणजे १/२ घात. उत्तर: ३ लॉग अ + १/२ लॉग ब − २ लॉग क. तिन्ही संख्या धन हव्यात, हे गृहीत धरलंय.

छेदात ब गुणिले क असेल, तर कंस टाकल्याशिवाय पुढे जाऊच नका: लॉग अ − (लॉग ब + लॉग क). कंस सुटला तर लॉग क चं चिन्ह उलटतं. मुलांचे मार्क सर्वात जास्त इथेच जाताना मी पाहतो.

बेरजेचा लॉग मात्र फुटत नाही. लॉग १० + लॉग १० म्हणजे २. पण १० + १० चा लॉग, म्हणजे लॉग २०, १.३०१० येतो. शंका आली की असेच आकडे घालून बघा. मात्र आकडे जपून निवडा. (लॉग १००) या उत्तराचा वर्ग ४, आणि १०० च्या वर्गाचा लॉगही ४, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. तिथे १००० घ्या: पहिला ९, दुसरा ६.

जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगची सारणी छापली ती मोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठीच. तुम्हालाही ती लागणार आहे. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) गेलात की आत्ताच घेऊन ठेवा. रसायनशास्त्रात हायड्रोजन आयनांची संहती २ × १० चा −५ वा घात दिली असेल, तर पीएच, म्हणजे या संहतीचा लॉग उलट्या चिन्हाने, = −(लॉग २ − ५) = ५ − ०.३०१० = ४.६९९०. टेबलमध्ये फक्त लॉग २ बघावा लागला, बाकी सगळा विस्तारच आहे.