पानावर मजकूर सरकत किंवा लुकलुकत असेल तर

हवी ती सूचना वाचायला घ्यावी, तोवर ती ओळ सरकून निघून जाते. शेजारी ‘नवीन’ म्हणून काहीतरी लुकलुकत असतं, नजर पुन्हा पुन्हा तिकडेच ओढली जाते. हळू वाचणाऱ्यांचे तर यात फार हाल होतात, आणि सरकत्या लिंकवर नेमकं क्लिक करणं हात थरथरणाऱ्या माणसाला जवळजवळ अशक्यच. यावर मी हे करते:

१. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीतलं रीडर व्ह्यूचं चिन्ह दाबायचं (विंडोजवर एफ ९). सफारी आणि एजमध्येही अशी सोय आहे. बहुतेक लेख साध्या, स्थिर अक्षरांत समोर येतात. निम्मं काम इथेच होतं.

२. विंडोज ११ वर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथे जाऊन अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स बंद करा. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोशन, मग रिड्यूस मोशन सुरू करा. ही सेटिंग पाळणाऱ्या साइट्स आपोआप शांत होतात. सगळ्याच पाळत नाहीत.

३. तरीही ओळ पळतच असेल तर पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातून वाचा. फॉर्मच्या पानांवर रीडर व्ह्यू सहसा मिळत नाही, तिथे हाच उपाय कामी येतो.

जपून: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणाऱ्या उघडझापीने काहींना फिट येऊ शकते. घरात कुणाला तो त्रास असेल तर असं पान दिसताच नजर वळवून टॅब बंद करा, सेटिंग शोधत बसू नका.